टिटवाळ्याची अंगारकी आणि कमरेचें यंत्र

ठाणें, डोंबिवली, कल्याण या बाजूला राहणाऱ्या माणसाला टिटवाळा म्हणजे दूरची यात्रा वाटत नाहीं. अष्टविनायकांचें दर्शन आयुष्यांत एकदोनदां घडतें. टिटवाळ्याच्या महागणपतीला मात्र सकाळीं निघावें आणि दुपारच्या पानाला घरीं परतावें. गाडीनें कल्याण सोडून कसाऱ्याची वाट धरली कीं शहाड, आंबिवली आणि तिसरें स्टेशन टिटवाळा. शहाडनंतर उल्हास नदीचा पूल लागतो. ही वाट श्रावणांत पाहावी. नदीचें पाणी गढूळ, तांबूस; रुळांच्या कडेला उरलेल्या थोड्याफार खाचरांत भाताचीं हिरवीं रोपें; आणि दूर डोंगरांवर उतरलेले ढग. थोड्याफार म्हणण्याचें कारण असें कीं, टिटवाळा आतां कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, आणि जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. गांवाजवळून वाहणारी काळू नदी मात्र पावसाळ्यांत अजून तशीच भरून वाहते आणि पुढें उल्हासेस मिळते.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच रिक्षावाले "मंदिर, मंदिर" म्हणून हांका मारूं लागतात. देवळाच्या वाटेवर दूर्वांच्या जुड्या, जास्वंदीचीं फुलें, नारळ आणि पेढे यांचीं दुकानें आहेत. देवळाशेजारीं मोठें तळें आहे. एरवींच्या दिवशीं त्याच्या कांठीं घटकाभर निवांत बसतां येतें. पण संकष्टी मंगळवारीं आली, अंगारकीचा योग जुळला, कीं तळें, रस्ता, मंडप सारें माणसांनीं भरून जातें, आणि दर्शनाची रांग तासन्‌तास मुंगीच्या पावलांनीं सरकते.

या स्थानाची कथा अशी सांगतात. कण्व मुनींचा आश्रम येथें होता. दुष्यंत राजाला जिचा विसर पडला त्या शकुंतलेला कण्वांनीं गणेशाची आराधना करण्यास सांगितलें. तिनें मूर्तीची स्थापना केली आणि पुढें तिला पति परत भेटला. म्हणून या गणपतीस विवाहविनायक असेंहि म्हणतात. मुलीचें लग्न जुळावें, मोडूं पाहणारा संसार सांवरावा, अशीं मागणीं घेऊन लोक येथें येतात. काळाच्या ओघांत देऊळ गाळाखालीं गेलें. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७६१ ते १७७२ या काळांत, दुष्काळ पडला असतां पाण्यासाठीं तळें उपसण्याचें काम निघालें, त्या वेळीं रामचंद्र मेहेंदळे यांना गाळांत मूर्ति सांपडली आणि पेशव्यांनीं देवळाचा जीर्णोद्धार करविला, अशी परंपरा आहे.

महाभारतांत शकुंतलेची कथा मालिनी नदीच्या तीरावरची, हिमालयाच्या बाजूची आहे, हें वाचकांस ठाऊकच असेल. पण स्थळमाहात्म्याला इतिहासाचे तराजू लावण्यांत फारसें स्वारस्य नाहीं. आम्हांस या कथेंतली दुसरीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी या दोन्ही गोष्टी कालिदासाच्या. व्यासांच्या कथेंत त्या नाहींत. व्यासांची शकुंतला कसलीहि खूण न घेतां मुलाचा हात धरून भर दरबारांत उभी राहते आणि राजाला खरें काय तें सांगते. राजा नाकारतो, तरी ती बोलणें सोडीत नाहीं. सत्याची थोरवी त्यालाच ऐकविते. कालिदासाची शकुंतला आपण रंगभूमीवर डोळे भरून पाहिली. व्यासांची शकुंतला आपल्या घरांतून फारशी बोलली जात नाहीं.

इ. स. २०२५ च्या श्रावण वद्य चतुर्थीस, ता. १२ ऑगस्ट रोजीं, अंगारकीचा योग होता. आम्ही डोंबिवलीहून टिटवाळ्यास निघालों तेव्हां बरोबर आमच्या वृद्ध आत्याबाई आणि आमची चोवीस वर्षांची पुतणी होती. पुतणीच्या कमरेला पानसुपारीच्या डबीएवढें एक यंत्र सदैव असतें. त्यांतून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं जाते. यालाच इन्शुलिन पंप म्हणतात. नवव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे. आरंभीं दिवसाला चार चार सुया टोंचून घेई, आतां चार वर्षें झालीं, हा पंप वापरते.

मधुमेह म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पन्नाशीच्या पुढचे, पोट सुटलेले गृहस्थ येतात. लहान मुलांना होणारा मधुमेह बहुधा निराळा असतो. त्यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. मुलानें गोड फार खाल्लें म्हणून किंवा आईनें पथ्य पाळलें नाहीं म्हणून हा रोग होत नाहीं, हें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां नीट समजून घ्यावें. कारण या एका गैरसमजानें कितीएक आयांनीं वर्षांनुवर्षें स्वतःला दोष दिला आहे. इन्शुलिन नसेल तर अन्नांतील साखर रक्तांतच राहते आणि शरीर भरल्या ताटावर उपाशी मरतें. शंभर वर्षांपूर्वीं असें मूल वर्ष दोन वर्षांत जाई. इ. स. १९२१ सालीं कानडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन हातीं आणलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून हा रोग मरणाचा राहिला नाहीं. रोजच्या हिशेबाचा झाला.

हा हिशेब यंत्राकडे सोंपवावा, ही कल्पनाहि जुनी आहे. अमेरिकेंत डॉ. आर्नल्ड कॅडिश यांनीं इ. स. १९६३ च्या सुमारास केलेलें यंत्र पाठीवरच्या पिशवीएवढें होतें. पुढें १९७८ सालीं लंडनच्या डॉ. पिकअप, डॉ. कीन प्रभृतींनीं अंगावर वागवतां येईल अशा पंपानें कातडीखालीं सतत इन्शुलिन देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व साधें आहे. निरोगी स्वादुपिंड दोन रीतींनीं काम करतें: अहोरात्र थोडें थोडें इन्शुलिन झिरपत ठेवतें, आणि जेवण झालें कीं एकदम अधिक सोडतें. पंपहि तेंच करतो. त्यांत त्वरित काम करणारें इन्शुलिन भरलेलें असतें. दर तासाला किती झिरपावें हें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवून द्यावयाचें. जेवणापूर्वीं किती कर्बोदकें पोटांत जाणार तें मोजून यंत्राला सांगावयाचें. कातडीखालची नळी दोन तीन दिवसांनीं बदलावी लागते. दंडावर दुसरा एक लहानसा तबकडीसारखा सेन्सर असतो. तो दर पांच मिनिटांनीं साखरेचा अंदाज कळवितो. अलीकडचीं यंत्रें त्या अंदाजावरून झिरप आपोआप कमीजास्त करतात. पण पानांत मोदक वाढले आहेत कीं नुसतें वरण, हें कोणत्याहि यंत्राला कळत नाहीं. तें माणसानेंच सांगावें लागतें.

आतां उपासाकडे वळूं. अंगारकीचा उपास चंद्रोदयापर्यंतचा. जुन्या पद्धतीच्या इन्शुलिनवर असणाऱ्याला असा उपास जवळजवळ अशक्य. कारण सकाळीं टोंचलेलें इन्शुलिन ठराविक वेळीं जोर करणार आणि त्या वेळीं पोटांत अन्न हें हवेंच. पंपाची झिरप बरोबर बसविलेली असेल तर न जेवतांहि साखर पुष्कळशी स्थिर राहूं शकते. तरी पुतणीनें आठ दिवस आधीं आपल्या डॉक्टरांना विचारलें, आणि त्यांनीं दोन अटी घातल्या. पहिली, साखर ७० च्या खालीं गेली कीं उपास तेथेंच संपला. दुसरी, चालणें पुष्कळ होणार म्हणून झिरप आधींच थोडी उतरवून ठेवावी. आत्याबाईंनीं घरून निघण्यापूर्वीं तिच्यापुढें साबुदाण्याची खिचडी ठेवली. "एवढी खा, म्हणजे चक्कर येणार नाहीं," असें म्हणाल्या. पुतणी हंसून म्हणाली, "आत्याआजी, ही बशीभर खिचडी माझ्या तीन पोळ्यांना भारी आहे." तें खरेंच होतें. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यांत ८५ ग्रॅमांहून अधिक पिष्ट असतें. त्यांत बटाटा पडला कीं विचारावयास नको. आपल्या घरांतून उपासाचें म्हणून जें हलकें समजतात, तें मधुमेह्याला जेवणाहून जड असतें. घरांतील मधुमेही वडिलांनाहि हें सांगून ठेवण्यासारखें आहे.

दहा वाजतां आम्ही रांगेंत उभे राहिलों. आकाश ढगाळ होतें, पण उकाडा होता. दोन तास झाले तरी मंडपाची कमान दिसेना. तेवढ्यांत पुतणीच्या कमरेचें यंत्र थरथरलें. आंकडा ८२ होता आणि बाण खालीं वळलेला होता. थोड्याच वेळांत ६८ झाले. तिच्या कपाळावर घाम आला, बोटें कांपूं लागलीं. तिनें पिशवींतून ग्लुकोजची पूड काढली, तीन मोठे चमचे पाण्यांत कालवून प्याली, आणि रांगेच्या कठड्याला टेकून उभी राहिली. पंधरा ग्रॅम साखर घ्यावी, पंधरा मिनिटें थांबावें, पुन्हां मोजावें, असा हा सर्वत्र शिकविला जाणारा नियम आहे. आत्याबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, दर्शन आतां अर्ध्या तासावर आलें होतें! तेवढा दम धरवला नसता का?" पुतणी थोडा वेळ बोललीच नाहीं, अशा वेळीं बोलवतहि नाहीं. आंकडा ९६ वर आल्यावर ती म्हणाली, "आत्याआजी, अर्ध्या तासांत मी तुमच्या पायांशीं बेशुद्ध पडलें असतें. मग तुम्हांलाहि दर्शन झालें नसतें."

याच सुमारास आमच्या मागें उभ्या असलेल्या एका बाईंनीं सहज विचारलें, "बेबी, कमरेला हें काय लावलें आहे?" पुतणी तोंड उघडण्याच्या आधींच आत्याबाईंनीं तिची ओढणी पुढें ओढली आणि म्हणाल्या, "मोबाईल आहे हो तिचा." पुतणीनें ओढणी हलकेच बाजूला केली. "मोबाईल नाहीं, मावशी," ती म्हणाली, "मला मधुमेह आहे. हा इन्शुलिनचा पंप." त्या बाईंनीं आस्थेनें दोन प्रश्न विचारले, आपल्या भाच्यालाहि हाच रोग असल्याचें सांगितलें, आणि तो बिचारा शाळेच्या स्वच्छतागृहांत जाऊन सुई टोंचून घेतो असें म्हणाल्या. त्या एका वाक्यानें आम्हांस जेवढें वाईट वाटलें तेवढें त्या दिवशीं दुसऱ्या कशानेंहि वाटलें नाहीं.

आत्याबाईंची धडपड समजण्यासारखी होती. त्या दिवसांत पुतणीच्या लग्नाची बोलणीं चालूं होतीं, आणि त्या विवाहविनायकाला आल्या होत्या त्याच मागण्यासाठीं. त्यांचें म्हणणें असें कीं, साखरपुड्यापर्यंत पंपाविषयीं बोलूं नये. एकदां माणसें गुंतलीं म्हणजे मग सांभाळून घेतात. हें मत त्यांचें एकटीचें नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी मुलगी आहे त्यांनीं हा सल्ला कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकलाच असेल. मुलगा असेल तर "औषध घेतो" एवढ्यावर भागतें. मुलगी असली कीं तीच गोष्ट लपविण्याची होते. पुतणीनें आधींच सांगून टाकलें होतें कीं, ज्या घरांत मध्यरात्रीं माझी साखर उतरली तर मला साखरपाणी कोणी द्यावयाचें, त्या घराला हें ठाऊक नसेल तर मी तेथें झोंपूं तरी कशी? या प्रश्नाला आत्याबाईंजवळ उत्तर नव्हतें. आमच्याजवळहि नव्हतें.

मुलें होतील का, त्यांना हाच रोग होईल का, हे प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत येणारच. त्यांचीं उत्तरें भीतीनें न देतां आंकड्यांनीं द्यावीं. अमेरिकन डायबेटीस असोसिएशननें दिलेला अंदाज असा: आईला पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल आणि मूल तिच्या पंचविशीनंतर झालें असेल, तर त्या मुलास हा रोग होण्याचा संभव शंभरांत एक, पंचविशीपूर्वीं झालें असेल तर पंचविसांत एक, आणि रोग बापाला असेल तर सतरांत एक. म्हणजे ज्या मुलीकडे बोट दाखवितात तिच्यापेक्षां ज्या मुलाकडे कोणी पाहतहि नाहीं त्याच्याकडून हा संभव अधिक. गर्भ राहण्यापूर्वींपासून साखर काटेकोर ठेवली आणि डॉक्टरांची देखरेख असली तर अशा स्त्रियांना निरोगी मुलें होतात. काटेकोरपणाचें फळ काय, हें तर पूर्वींच सिद्ध झालें आहे. अमेरिका व कानडा येथें १,४४१ रोग्यांवर चाललेला मोठा प्रयोग इ. स. १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. रोज तीन अगर अधिक सुया घेऊन किंवा पंप लावून ज्यांनीं साखर आटोक्यांत ठेवली, त्यांपैकीं ज्यांचे डोळे आधीं निरोगी होते त्यांच्यांत डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी झाला. त्यांत पंपवाले होते, तसेच सुईवालेहि होते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

एक वाजून गेल्यावर दर्शन झालें. पुतणीनें दूर्वा वाहिल्या. काय मागितलें तें आम्हीं विचारलें नाहीं. प्रसादाचा पेढा तिनें कागदांत बांधून घेतला, कारण साखर त्या वेळीं १४० होती आणि चढती होती. आत्याबाईंनीं त्या पेढ्याकडे पाहिलें, कांहींतरी म्हणावयाचें होतें तें गिळलें, आणि तळ्याच्या कांठीं बांकावर बसतांना हळूच विचारलें, "एका पेढ्याला तुझें तें किती लागतें ग?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनीं पहिल्यानेंच विचारला होता.

चंद्रोदय ढगांआड झाला. पंचांगांतील वेळ पाहून रात्रीं नऊनंतर घरीं नैवेद्य झाला. त्या रात्रीं उकडीचे मोदक वजनकांट्यावर चढले. आमच्या घरच्या मोदकाला तांदळाची पिठी सुमारें बारा ग्रॅम आणि गूळहि तेवढाच लागतो. नारळ धरून एका मोदकांत २३ ग्रॅम कर्बोदकें होतात. दोन मोदकांचीं ४६ आणि एक मूद भाताचीं व वरणाचीं मिळून ३४, एकूण ८०. पुतणीला रात्रीच्या वेळीं दर दहा ग्रॅमांस एक युनिट लागतें. म्हणजे आठ युनिटें. खोबरें आणि तूप यांमुळें साखर सावकाश चढते, म्हणून तिनें पांच युनिटें लगेच आणि तीन पुढच्या दोन तासांत सोडण्यास यंत्राला सांगितलें. हें प्रमाण तिचें तिच्यापुरतें. प्रत्येकाचें निराळें असतें आणि तें डॉक्टरांनींच ठरवावें लागतें. कांट्यावरचा आंकडा चष्मा लावून वाचण्याचें काम आत्याबाईंनीं आपल्याकडे घेतलें. बेरजेंत त्यांनीं वहिनींची एक चूकहि काढली.

या यंत्राची स्तुति करतांना त्याचीं बंधनेंहि सांगितलीं पाहिजेत. पंपाची किंमत कांहीं लाख रुपयांच्या घरांत जाते, आणि नळ्या, इन्शुलिन, सेन्सर यांचा खर्च दरमहा हजारांनीं होतो. पंपांत दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन नसतें. नळी मुडपली किंवा बंद पडली तर कांहीं तासांतच रक्तांत विषारी अम्लें वाढूं लागतात. म्हणून साखर कारणावांचून चढत राहिली, मळमळूं लागलें, तर यंत्रावर विसंबूं नये. नळी बदलावी, बरोबरच्या सुईनें किंवा पेननें इन्शुलिन घ्यावें आणि डॉक्टरांना कळवावें. टिटवाळ्याच्या पिशवींतहि पाण्याच्या बाटलीशेजारीं तें पेन, सुटी नळी आणि ग्लुकोज होतें. उन्हांत इन्शुलिन बिघडतें, तेव्हां तें गाडीच्या कांचेपाशीं ठेवूं नये. ज्यांना पंप परवडत नाहीं त्यांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं; नीट मोजून घेतलेल्या सुयांवर हजारों मुलें शिकत, खेळत, नोकऱ्या करीत आहेत. आणि कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कोणाचा काढा यांपायीं पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत इन्शुलिन बंद करणें म्हणजे जीव घालविणें होय. नवस बोलावा, पण इन्शुलिन चालूं ठेवून बोलावा.

एकत्र कुटुंबाला या रोगांत मोठें काम आहे. एका आईनें रात्रंदिवस मोजमाप करीत बसावें, हें कुटुंबाचें लक्षण नव्हे. आजीला मोदकाचें वजन ठाऊक असावें, काकांना साखर उतरल्याची खूण ओळखतां यावी, धाकट्या भावंडांना ग्लुकोजचा डबा कोठें आहे तें माहीत असावें. हें सर्व चार दिवसांत शिकतां येतें. पण जी गोष्ट ओढणीखालीं झांकली ती कोणालाच शिकतां येत नाहीं. तो शाळेंतला मुलगा वर्गांत बसून सुई टोंचून घेईल, तेव्हांच त्याच्या शेजारच्या मुलाला कळेल कीं याचा हात कांपूं लागला तर काय करावयाचें.

अंगारकीनंतरच्या रविवारीं आमच्या वहिनींनीं त्या स्थळाकडील मंडळींना घरीं बोलावून सारें सांगितलें. पंप दाखविला, आंकडेहि सांगितले. आम्हीं ठरविल्याप्रमाणें हें काम वहिनी करणार होत्या, पण निम्मे अधिक बोलल्या त्या आत्याबाईच. त्या मंडळींनीं विचाराला वेळ मागून घेतला. होकार येईल किंवा नकार येईल. जें येईल तें सारें ठाऊक असलेल्या माणसांकडून येईल. टिटवाळ्याच्या देवापाशीं लग्न जुळावें एवढेंच मागणें पुष्कळजण मागतात. ज्यांच्या घरीं अशी लेक आहे त्यांनीं यापुढें तेथें गेल्यावर, जुळेल तें उघड्या डोळ्यांनीं जुळूं दे, एवढे शब्द त्यांत अधिक घालावेत.